कोणी पाहत नसताना मूल नीट कसे वागेल? प्राथमिक शाळा, समुपदेशन आणि स्वयंशिस्त

गेल्या अंकात प्राथमिक शाळेतील समुपदेशनाविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. बडोद्याहून आलेल्या पत्रांत एक चिंता सर्वाधिक दिसली: मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते आणि मोठ्यांची पाठ वळताच सांगितलेले सारे नाहीसे होते. म्हणून या वेळी चारित्र्य आणि स्वयंशिस्त यांच्याशी संबंधित पत्रेच घेतली आहेत. पत्रांतील आवश्यक तेवढाच मजकूर दिला असून ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न: माझा मुलगा तिसरीत आहे. तो वर्गात जागेवर बसत नाही, रांगेत ढकलाढकली करतो आणि गृहपाठ अर्धवट सोडतो. त्याला शाळेच्या समुपदेशकांकडे पाठवण्यासाठी वर्गशिक्षिकांनी आमची संमती मागितली आहे. सासूबाई म्हणतात, "त्याला काय वेड लागले आहे का?" लोक काय म्हणतील याची धास्ती मलाही वाटते. संमती द्यावी का?
(एक आई, रावपुरा)

उत्तर: संमती अवश्य द्यावी. शाळेतील समुपदेशक आजारावर उपचार करत नाहीत. ते काम मानसोपचारतज्ज्ञांचे. प्राथमिक शाळेत समुपदेशकांचा बराचसा वेळ सगळ्याच मुलांसाठी असतो. राग आल्यावर काय करायचे हे ते संपूर्ण वर्गाला खेळातून शिकवतात, चार-सहा मुलांच्या गटाकडून भांडण मिटवण्याचा सराव करून घेतात, आणि एवढ्याने ज्याचे भागत नाही त्या मुलाशी काही आठवडे स्वतंत्रपणे बोलतात. आपल्या मुलाचे नाव या शेवटच्या कामासाठी पुढे आले आहे, इतकाच या निरोपाचा अर्थ आहे, आणि सासूबाईंनाही तो याच शब्दांत सांगता येईल.

आपण लिहिलेल्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच असेल असे मात्र धरून चालू नये. जाणता समुपदेशक मुलाला खोलीत बोलावून उपदेश करण्याआधी त्याला वर्गात आणि मैदानावर पाहतो. मुलगा सकाळपासूनच उठबस करतो की मधल्या सुट्टीनंतर? फळ्यावरचे उतरवून घ्यायचे असते तेव्हाच वही अपुरी राहते का? तसे असेल तर आधी डोळे तपासून घ्यावे लागतील. ढकलाढकली कोणाशीही होते की एका ठरावीक मुलाशीच? रात्री तो किती वाजता झोपतो? सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप हवी असते, आणि झोप पुरी न झालेले मूल पेंगण्याऐवजी पुष्कळदा अधिकच चळवळे होते, हे घरात सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. चंचलता सहा महिन्यांहून अधिक काळ टिकली असेल आणि ती शाळेइतकीच घरीही दिसत असेल, तर समुपदेशक स्वतःच बालरोगतज्ज्ञांचा किंवा मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यायला सांगतील. तोवर मुलावर कोणतेही नाव चिकटवू नये.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. मुलगा आत काय बोलला हे समुपदेशक आपल्याला शब्दशः सांगणार नाहीत. त्याला मदत कशी करायची ते सांगतील. मुलाचा विश्वास टिकण्यासाठी हे आवश्यक असते. याला अपवाद मुलाच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या सुरक्षिततेचा. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि तेथे गुप्ततेचे वचन चालत नाही.

प्राथमिक वयासाठी समुपदेशक असावा हा विचार इतर देशांतही उशिराच रुजला. अमेरिकेत १९५८च्या शिक्षणविषयक कायद्याने मोठ्या विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनासाठी निधी दिला. लहान मुलांचा विचार १९६४च्या दुरुस्तीनंतर होऊ लागला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये दिलेल्या निर्देशांत शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा असे म्हटले आहे. आपल्या मुलाच्या शाळेत ही सोय आहे, तेव्हा तिचा उपयोग करून घ्यावा.

प्रश्न: माझे बालपण दांडिया बाजारात गेले. पहाटे जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे, शाळेत मास्तरांची छडी खायची, आणि घरी वडिलांनी नुसते पाहिले तरी पुरे व्हायचे. आमची पिढी त्यातूनच घडली. आज नातवाच्या शाळेत मारायचे नाही, ओरडायचे नाही, आणि वर समुपदेशक त्याला "तुला काय वाटते?" असे विचारतात. अशाने चारित्र्य घडेल का?
(एक आजोबा, मांजलपूर)

उत्तर: आजोबा, आपल्या पत्रातील पहाटेची आठवण मला छडीच्या आठवणीपेक्षा फार महत्त्वाची वाटते. राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांच्या नावाशी जोडलेल्या त्या व्यायाम मंदिरात मुले घडली ती कशामुळे, याचा विचार करून पाहावा. वेळ ठरलेली होती आणि ती कोणासाठी बदलत नसे. शिकवणारे स्वतः मातीत उतरत. मल्लखांबावरची पहिली पकड पक्की झाल्याशिवाय दुसरी मिळत नसे, त्यामुळे शिकणाऱ्याला अशक्य वाटावे असे काही एकदम पुढे येत नसे. कालचा शिकाऊ आज धाकट्याला आधार देई. काल न जमलेली उडी आज जमली हे मुलाला स्वतःच्या अंगातच कळे; त्यासाठी कोणाच्या शाबासकीची वाट पाहावी लागत नसे. स्वयंशिस्त ज्या मातीत वाढते ती हीच. आजचा समुपदेशक वर्गात जे उभे करू पाहतो त्याचा सांगाडाही यापेक्षा वेगळा नाही.

छडीचे काम निराळे होते. ती मुलाला थांबवत असे, पण थांबायला शिकवत नसे. तिच्यामुळे मूल मास्तरांच्या येण्याजाण्याचा अंदाज घ्यायला शिकते, आणि जेथे पकडले जाण्याची शक्यता नाही तेथे तिचा अंमल संपतो. अमेरिकेत ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी १९२०च्या दशकात हजारो शाळकरी मुलांना नकळत फसवणुकीची संधी मिळेल असे प्रसंग रचले. काही प्रसंग वर्गातल्या चाचणीत होते, काही घरच्या अभ्यासात, काही खेळात. १९२८ ते १९३० या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनी त्या काळच्या शिक्षकांना चकित केले, कारण एका ठिकाणी प्रामाणिक राहिलेले मूल दुसऱ्या ठिकाणी तसे राहीलच असे आढळले नाही. मुलांची प्रामाणिक आणि अप्रामाणिक अशी दोन गटांत विभागणी करता येत नव्हती. याचा अर्थ मी असा घेते की चारित्र्य प्रसंगाप्रसंगाने, त्या त्या ठिकाणी सराव करून कमवावे लागते. चाचणीच्या वेळी, मैदानावर, पैसे हाताळताना आणि धाकट्या भावंडाशी वागताना असा वेगवेगळा सराव मुलाला मिळाला पाहिजे, आणि एका भाषणाने किंवा एका फटक्याने तो मिळू शकत नाही.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास बंदी घातली आहे. पण हा विचार कायद्याच्या पुष्कळ आधी गुजरातच्याच भूमीत रुजला होता. गिजुभाई बधेका यांनी १९२०मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले, आणि पुढे तेथे त्यांच्यासोबत आपल्या ताराबाई मोडक काम करू लागल्या. मार आणि लालूच या दोहोंविना मूल शिकते, असा त्यांचा आग्रह होता. सक्ती कोणावर करावी याचा वस्तुपाठ तर आपल्या बडोद्याने घालून दिला आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३मध्ये अमरेली भागात आणि १९०६मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होत असे. सक्तीचा भार मोठ्यांनी उचलायचा होता, आणि मला ते आजही न्याय्य वाटते.

आता "तुला काय वाटते?" या प्रश्नाविषयी. समुपदेशक तेवढ्यावरच थांबत असतील तर आपली तक्रार योग्य आहे आणि ती शाळेला कळवावी. त्या प्रश्नामागून लगेच दुसरा प्रश्न आलाच पाहिजे: "आता हे कसे भरून काढशील?" मित्राची वही फाडली असेल तर कागद चिकटवून, त्यातला धडा पुन्हा लिहून ती परत द्यायची. नियम ठाम असावा, तो मोडल्याचा परिणाम आधी सांगितलेला असावा आणि त्या चुकीशी जोडलेला असावा, आणि हे सारे बोलताना आवाज शांत असावा. माया आणि ठामपणा एकत्र मिळालेली मुले केवळ धाकात किंवा केवळ लाडात वाढलेल्या मुलांपेक्षा स्वतःला अधिक चांगले सांभाळतात, हे डायना बॉमरिंड यांच्या १९६०च्या दशकापासूनच्या अभ्यासांनी वारंवार दाखवले आहे. आपल्याला एक विनंती आहे. नातवाला आठवड्यातून तीन दिवस, ठरलेल्या वेळी, एखाद्या व्यायामशाळेत घेऊन जावे आणि जमेल तेवढा व्यायाम त्याच्यासोबत स्वतःही करावा. शाळेतील कोणताही समुपदेशक त्याला हे देऊ शकणार नाही.

प्रश्न: माझी मुलगी सहा वर्षांची आहे, पहिलीत शिकते. एका व्हिडिओत पाहिले म्हणून मी तिच्यासमोर एक चॉकलेट ठेवले आणि पंधरा मिनिटे थांबलीस तर दोन देईन असे सांगून आतल्या खोलीत गेले. दोन मिनिटांत तिने ते खाऊन टाकले. मोबाइलसाठीही ती असाच हट्ट करते. मी नोकरी करते, तिला फार वेळ देऊ शकत नाही. जी मुले थांबू शकत नाहीत ती पुढे मागे पडतात असे ऐकले, तेव्हापासून मन बेचैन आहे.
(एक आई, अलकापुरी)

उत्तर: त्या चॉकलेटवरून मुलीचे भविष्य ठरवू नये. या प्रयोगाविषयी जे अर्धवट पसरले आहे त्याने अनेक पालक विनाकारण घाबरले आहेत, म्हणून त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगते.

वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शिशुशाळेत हे प्रयोग केले. मूल किती थांबते एवढेच त्यांना पाहायचे नव्हते. ते कशाच्या आधाराने थांबते हे शोधायचे होते. खाऊ डोळ्यांसमोरून झाकला तर मुले जास्त वेळ थांबत. एखाद्या मजेच्या गोष्टीचा विचार करायला सांगितले तरीही थांबत. समोरची मिठाई म्हणजे एक ढग आहे अशी कल्पना करायला सांगितले तर त्याच मुलांना थांबणे सोपे जाई. थांबण्याच्या युक्त्या असतात आणि त्या शिकवता येतात, असे या प्रयोगांतून निघते. लोकांच्या तोंडी मात्र भविष्य सांगणारी कसोटीच राहिली. पुढे टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासून २०१८मध्ये दाखवले की लहानपणी थांबण्याचा पंधराव्या वर्षाच्या अभ्यासातील प्रगतीशी असलेला संबंध पूर्वी वाटला त्यापेक्षा बराच दुबळा आहे, आणि घरची परिस्थिती व मुलाची आधीची बौद्धिक तयारी लक्षात घेतली तर तो आणखी कमी होतो.

पण आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयोग वेगळाच आहे. रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये साडेतीन ते सहा वर्षांच्या २८ मुलांना चित्र काढायला जुने खडू दिले आणि "थांब, मी चांगले खडू आणते" असे सांगितले. निम्म्या मुलांना चांगले खडू खरोखर मिळाले. उरलेल्यांना "माफ कर, खडू नाहीतच" असे ऐकावे लागले. नंतर चिकटचित्रांच्या बाबतीत पुन्हा तसेच घडले. त्यानंतर खाऊची वेळ आली, तेव्हा ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली आणि ज्यांचा भ्रमनिरास झाला होता ती अवघी ३ मिनिटे. दुसऱ्या गटातील मुलांचा संयम उपजतच कमी होता असे म्हणता येत नाही, कारण कोण कोणत्या गटात जाईल हे प्रयोग करणाऱ्यांनीच ठरवले होते. समोरच्या मोठ्या माणसाचा शब्द भरवशाचा नाही एवढे त्यांना कळले होते, आणि तसे कळल्यावर हातातले खाऊन टाकणे हा शहाणपणाच होता.

म्हणून मुलीची परीक्षा थांबवावी आणि घरात दिलेल्या शब्दांकडे पाहावे. "रविवारी कमाटी बागेत नेते" असे म्हटले आणि नेले नाही. "पाच मिनिटांत मोबाइल परत घेते" असे म्हटले आणि फोनवर बोलता बोलता अर्धा तास गेला. "रडलीस तर मुळीच देणार नाही" असे म्हटले आणि रडल्यावर दिला. नोकरी करणाऱ्या आईच्या दिवसात अशा गोष्टी घडतात आणि त्यात वाईट हेतू नसतो, पण मूल त्या मनात टिपून ठेवते. कमी वचने द्यावीत, छोटी द्यावीत आणि ती पाळावीत. रविवारचे खात्रीने सांगता येत नसेल तर सांगूच नये. काही कारणाने शब्द पाळता आला नाही तर तसे तिला स्पष्ट सांगावे आणि पुढची वेळ तिच्यासमोर कॅलेंडरवर लिहावी. मोबाइलची वेळ घड्याळाने ठरवावी, आणि ती संपल्यावर लगेच काय करायचे हे आधीच ठरलेले असावे, कारण रिकाम्या हातांनी थांबणे मोठ्यांनाही जड जाते. फोन दिसेल अशा ठिकाणी ठेवू नये. मिशेल यांच्या प्रयोगातील झाकलेला खाऊ तो हाच. हे करायला वेगळा वेळ काढावा लागत नाही, आणि म्हणूनच आपल्यासारख्या आईला ते जमण्याजोगे आहे.

स्वयंनियंत्रणाला महत्त्व नाही असे मी सुचवत नाही. न्यूझीलंडमधील ड्यूनेडिन शहरात १९७२-७३मध्ये जन्मलेल्या हजाराहून अधिक मुलांचा माग तज्ज्ञांनी ठेवला आहे. लहानपणी ज्यांचे स्वतःवर नियंत्रण कमी होते त्यांना बत्तिसाव्या वर्षी आरोग्याच्या आणि पैशाच्या अडचणी अधिक आढळल्या, असे २०११मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे नियंत्रणाचा अंदाज तिसऱ्या ते अकराव्या वर्षापर्यंत पालक, शिक्षक आणि निरीक्षक यांनी अनेकदा घेतला होता. एका दुपारच्या चॉकलेटवरून नव्हे. वाढत्या वयात ज्यांचे नियंत्रण सुधारले त्यांचे पुढचे आयुष्यही अपेक्षेपेक्षा चांगले गेले, हा त्याच अभ्यासाचा भाग आपण विसरू नये. आपली मुलगी आत्ता कुठे सहा वर्षांची आहे.

प्रश्न: दुसरीतल्या मुलाच्या दप्तरात दुसऱ्या मुलांची खोडरबरे आणि टोकयंत्र सापडले. विचारले तर म्हणाला, "मित्राने दिले." मी संतापून त्याला चोर म्हणालो. वर्गासमोर माफी मागायला लावली तर पुन्हा करणार नाही असे मला वाटते. त्याची आई नको म्हणते.
(एक वडील, वाडी)

उत्तर: या बाबतीत मुलाच्या आईचे ऐकावे. वर्गासमोर उभे केले तर आपल्या मुलाला त्या दिवसापासून वर्गात एक नाव मिळेल, आणि त्या नावाचे मूल म्हणून जगणे त्याला भाग पडेल. आपण उच्चारलेला शब्दही त्याच्यासमोर शांतपणे परत घ्यावा. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही, असे भारतीय न्याय संहितेचे २०वे कलम सांगते. एवढ्या लहान वयात योग्य-अयोग्याची समज पुरती आलेली नसते हे कायद्यालाही मान्य आहे. मुलगा सात वर्षांचा झाला असला तरी ती समज वाढदिवसाच्या दिवशी एकदम येत नाही.

याचा अर्थ गोष्ट सोडून द्यावी असा नाही. ज्याचे उत्तर आपल्याला माहीत आहे ते विचारू नये, कारण "हे कुठून आणले?" असे विचारणे म्हणजे घाबरलेल्या मुलाला खोटे बोलण्याची संधी देणे होय. "ही खोडरबरे तुझी नाहीत हे मला कळले आहे. उद्या ती परत द्यायची आहेत. कशी द्यायची ते आपण ठरवू," एवढेच म्हणावे. वर्गशिक्षिकांशी आधी बोलून घ्यावे आणि शाळा भरण्यापूर्वी मुलाने त्या त्या मित्राला स्वतःच्या हाताने वस्तू द्याव्यात. एखादी हरवली असेल तर त्याच्या खाऊच्या पैशांतून नवी घ्यावी. वस्तू का घेतल्या हे समुपदेशकांना हळूहळू शोधू द्यावे. मित्रांजवळ रंगीत वस्तू आहेत आणि आपल्याजवळ नाहीत, एवढे साधे कारण असू शकते. घरात नवे बाळ आले असेल आणि आपल्याकडे कोणाचे लक्ष नाही असे त्याला वाटत असेल. किंवा मोठी मुले त्याच्याकडून हे करून घेत असतील. प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे.

खोटे बोलण्याविषयी एक गोष्ट सर्वच पालकांच्या उपयोगाची आहे. टोरांटो विद्यापीठाच्या कँग ली यांच्या गटाने २०१४मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांना निरनिराळ्या गोष्टी ऐकवल्या आणि नंतर ती स्वतःची चूक कबूल करतात का ते पाहिले. "लांडगा आला रे आला" ही खोटे बोलणाऱ्याची फजिती सांगणारी गोष्ट ऐकून मुले अधिक खरे बोलली नाहीत. ज्या गोष्टीत मुलगा चूक कबूल करतो आणि खरे बोलल्याबद्दल वडील त्याचे कौतुक करतात, ती ऐकलेली मुले मात्र अधिक खरे बोलली. घरीही तसेच असावे. मुलाने आपण होऊन चूक सांगितली तर नुकसान भरून घ्यावे, पण सांगितल्याबद्दल त्याला आधी जवळ घ्यावे.

प्रश्न: माझी मुलगी चौथीत आहे, अतिशय शिस्तीची. एक अक्षर वाकडे आले तरी पान फाडते, नव्वद टक्के मिळाले तरी रडते. सगळे तिची वाखाणणी करतात, पण मला काळजी वाटते. माझे चुकते आहे का?
(एक आई, गोत्री)

उत्तर: आपली काळजी रास्त आहे. अशा मुली वर्गात कोणाला त्रास देत नाहीत, त्यामुळे समुपदेशकांकडे त्यांचे नाव कोणी पाठवत नाही. ते आपण पाठवावे. तिचे नीटनेटकेपण चुकीच्या भीतीतून आलेले दिसते. घरी काही दिवस खोडरबर बाजूला ठेवून चुकीवर एक साधी रेघ मारायची आणि पुढे लिहायचे, असा सराव घ्यावा. कौतुक गुणांचे करण्याऐवजी तिने एखादी अवघड गोष्ट पुन्हा करून पाहिली त्याचे करावे. रडण्यामुळे झोप, जेवण किंवा शाळेत जाणे बिघडू लागले तर थांबू नये, तज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न: मी एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. आमच्याकडे समुपदेशक नाही. मुले घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि टीव्हीवर हिंदी ऐकतात. शांत बसवणे हेच मोठे काम होते. चांगले वागणाऱ्याला तारा देण्याची पद्धत सुरू केली, पण आता मुले ताऱ्याशिवाय काहीच करत नाहीत. मी एकटी काय करू शकते?
(एक शिक्षिका, बडोदे)

उत्तर: ताऱ्यांचे जे झाले ते तसे होण्याचाच संभव होता. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३मध्ये चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या शिशुवयातील मुलांपैकी काहींना "चित्र काढले तर प्रशस्तिपत्र मिळेल" असे आधी सांगितले. त्यांना ते मिळाले, पण पुढच्या काही दिवसांत मोकळ्या वेळी त्यांनी चित्रे काढण्यात इतर मुलांच्या मानाने जवळपास निम्माच वेळ घालवला. बक्षीस न सांगता अचानक मिळाले त्या मुलांची आवड कमी झाली नाही. तेव्हा तारे एकदम बंद न करता हळूहळू मागे घ्यावेत आणि त्यांच्या जागी काय घडले ते शब्दांत सांगावे: "आज रांग न मोडता सगळे नळापर्यंत गेलात, म्हणून पहिलीच्या लहान मुलांनाही पाणी मिळाले."

एका जागी शांत बसण्यापेक्षा स्वतःला आवरण्याचा सराव या वयात जास्त उपयोगी पडतो, आणि तो आपल्या जुन्या खेळांत आयताच आहे. "शिवाजी म्हणतो, हात वर" या खेळात हुकमाआधी "शिवाजी म्हणतो" आले नाही तर हलायचे नसते. म्हणजे शरीर उठू पाहते तेव्हा मनाने त्याला धरून ठेवायचे असते. पुतळ्याच्या खेळातही तेच. रोज परिपाठानंतर पाच-सात मिनिटे हे खेळ घ्यावेत, नियम हळूहळू अवघड करावेत, आणि काही दिवसांनी हुकूम देण्याचे काम मुलांकडेच सोपवावे. चुकलेल्याला खेळातून बाद करू नये, कारण ज्याला सरावाची सर्वाधिक गरज असते तोच आधी बाद होतो आणि कोपऱ्यात बसून राहतो. नियोजन करणारा आणि आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, तेव्हा सहा वर्षांच्या मुलाकडून किती अपेक्षा करायची याचे भान त्यावरून येते.

पीटर गोलविट्झर यांनी अभ्यासलेली "जर-तर" पद्धत एकट्या शिक्षिकेला सहज वापरता येते. "मी भांडणार नाही" असा संकल्प मुलाच्या लक्षात राहत नाही. "कोणी माझी पेन्सिल घेतली, तर मी हात मागे बांधून 'माझी दे' असे म्हणेन आणि न दिल्यास बाईंकडे येईन" हे राहते, कारण त्यात प्रसंगही ठरलेला असतो आणि कृतीही. वाक्य मुलाचे स्वतःचे असावे, ज्या भाषेत त्याला राग येतो त्या भाषेत असावे, मग ती गुजराती असली तरी चालेल, आणि दोघा मुलांनी ते आधी करून दाखवावे.

कामे वाटून द्यावीत आणि ती खरी असावीत. झाडांना पाणी घालणे, हजेरीचा तक्ता लावणे, नव्या मुलाला स्वच्छतागृह दाखवणे ही कामे हुशार मुलांपुरती ठेवू नयेत. जे मूल सर्वांत त्रासदायक वाटते त्याला काम आधी द्यावे आणि त्याने ते विसरल्यास दुसऱ्याला देण्याऐवजी पुन्हा आठवण करावी. पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक असावा असा शिक्षण हक्क कायद्याचा निकष आहे. आपल्या वर्गात त्याहून अधिक मुले असतील तर मुख्याध्यापकांमार्फत लेखी मागणी करत राहावे, कारण गर्दीच्या वर्गात वरील प्रत्येक गोष्ट अवघड होते.

काही मुलांची अडचण शिक्षिकेच्या आवाक्याबाहेरची असते. मूल अचानक गप्प झाले, अंगावर वारंवार खुणा दिसल्या, स्वतःला इजा करू लागले किंवा घरी जायला घाबरू लागले, तर पालकसभेपर्यंत थांबू नये. संकटातील मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक विनामूल्य आहेत. बडोद्यात सयाजी रुग्णालय आणि कारेलीबागेतील शासकीय मानसिक आरोग्य रुग्णालय येथे पालकांना पाठवता येते. आपण काय पाहिले, कोणत्या दिवशी पाहिले आणि मूल कोणत्या शब्दांत बोलले हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे, स्वतः तर्क लिहू नयेत, आणि ती वही वर्गातील कपाटात न ठेवता मुख्याध्यापकांकडे कुलपात ठेवावी.